पहिला दरवाजा आणि लांबत गेलेली रांग

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगार, सहकाराची अवनती अशा विषयांच्या रांगेत पारलिंगी मुलांच्या आरोग्यसेवेची मार्गदर्शक तत्त्वे हा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. हा डॉक्टरांचा प्रश्न आहे, फार तर विलायतेतील सुखवस्तू समाजाचा प्रश्न आहे, समाजवादी कार्यकर्त्याला त्याचे काय, असेही कोणाच्या मनात आले असेल. परंतु विषय दिसतो तितका परका नाही. एखाद्या देशाची सार्वजनिक आरोग्यव्यवस्था खरोखर सर्वांची आहे की नाही, याची परीक्षा बहुसंख्यांच्या सर्दी-पडशावरून होत नसते. ज्यांची संख्या थोडी आहे, ज्यांच्याविषयी समाजाचे मन साशंक आहे आणि ज्यांच्या दुखण्याबद्दल खुद्द वैद्यकशास्त्राचे ज्ञानही अपुरे आहे, अशांना ती व्यवस्था कसे वागवते यावर तिची परीक्षा होते. इंग्लंडमध्ये गेल्या पंधरा वर्षांत अशी परीक्षा झाली. ज्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा दाखला समाजवादी चळवळ नेहमी अभिमानाने देत आली, ती सेवा या परीक्षेत उणी पडली. ती का उणी पडली, याची शांतपणे तपासणी करणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

आरंभी शब्दांचा खुलासा केलेला बरा. जन्मतः शरीर पाहून ज्या लिंगाची नोंद झाली, त्या लिंगाशी स्वतःच्या आंतरिक जाणिवेचा मेळ बसत नाही अशा व्यक्तीला येथे पारलिंगी म्हटले आहे. तृतीयपंथी समाज ही आपल्याकडील एक जुनी सामाजिक रचना आहे. तिचा या विषयाशी संबंध असला तरी दोन्ही गोष्टी एकच नव्हेत. ही विसंगती काही मुलांना बालपणीच जाणवते, काहींना वयात येताना तीव्रतेने जाणवते आणि त्यातून मोठी अस्वस्थता निर्माण होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ मध्ये अमलात आली. तिने ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली. म्हणजे असे असणे हा मनोविकार नव्हे, परंतु त्या व्यक्तीला वैद्यकीय मदतीची गरज असू शकते, अशी ही भूमिका आहे. अशी मदत कोणाला, केव्हा, कोणत्या पुराव्याच्या आधारे आणि कोणाच्या देखरेखीखाली द्यावी, हे सांगणारा दस्तऐवज म्हणजे मार्गदर्शक तत्त्वे.

पहिला दरवाजा

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनच्या मजूर सरकारातील आरोग्यमंत्री अनायरिन बेव्हन यांनी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. आजाऱ्याची ऐपत न पाहता त्याची गरज पाहायची आणि खर्च करांतून भागवायचा, हे तिचे सूत्र होते. या इमारतीचा पहिला दरवाजा म्हणजे वस्तीतला फॅमिली डॉक्टर. नागरिकाचे नाव त्याच्या दवाखान्यात नोंदलेले असते आणि सामान्यतः त्याची चिठ्ठी घेऊनच तज्ज्ञाकडे जाता येते. या डॉक्टराची कामे दोन. नित्याची दुखणी घराजवळ बरी करणे हे एक. माणसाला अवयवांत न वाटता सबंध माणूस म्हणून पाहणे आणि खरोखर गरज असेल त्यालाच पुढे पाठवणे हे दुसरे. राष्ट्रीय आरोग्य सेवा तुलनेने कमी खर्चात इतके काम करू शकली, त्यात या दुसऱ्या कामाचा वाटा मोठा आहे.

पारलिंगी मुलांच्या बाबतीत मात्र वेगळीच घडी बसली. १९८९ मध्ये लंडनमध्ये या मुलांसाठी एक विशेष सेवा सुरू झाली. पुढे ती टॅव्हिस्टॉक संस्थेच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि सबंध इंग्लंडसाठी ती एकटीच राहिली. रुग्णसंख्या अल्प होती तोवर यात कोणाला वावगे दिसले नाही. २००९ मध्ये वर्षाला सुमारे पन्नास मुले तिच्याकडे पाठवली जात होती. २०११-१२ मध्ये हा आकडा सुमारे २५० झाला आणि २०२१-२२ मध्ये तो पाच हजारांवर गेला. म्हणजे दहा वर्षांत वीसपट वाढ झाली. येणाऱ्यांचे स्वरूपही पालटले. आधी जन्मतः मुलगे म्हणून नोंदलेली लहान मुले अधिक असत. नंतर जन्मतः मुली म्हणून नोंदलेल्या किशोरवयीनांचे प्रमाण अधिक झाले. त्यांतील अनेकांना नैराश्य, चिंता, खाण्याचे विकार किंवा स्वमग्नता यांचाही त्रास होता. ही वाढ कशामुळे झाली, याचे एकच कारण देणारा माणूस डाव्या बाजूचा असो वा उजव्या, तो घाई करतो आहे असे समजावे. समाजातील वाढती स्वीकृती, किशोरांच्या मानसिक आरोग्याची सर्वसाधारण घसरण, समवयस्कांचा आणि माध्यमांचा प्रभाव अशी अनेक कारणे येथे एकमेकांत गुंतलेली आहेत.

मागणी वीसपट झाली, सेवा एकच राहिली. परिणाम उघड होता. इंग्लंडमधील आरोग्यसेवांच्या तपासणी आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये या सेवेला ‘अपुरी’ असा शेरा दिला. त्या वेळी ४,६०० हून अधिक मुले प्रतीक्षायादीत होती आणि काही जण पहिल्या भेटीसाठीच दोन वर्षांहून अधिक काळ थांबलेली होती. नियोजित उपचार अठरा आठवड्यांत सुरू व्हावा, असे त्याच राष्ट्रीय आरोग्य सेवेचे सर्वसाधारण मानक आहे. बारा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात दोन वर्षे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको. आवाज फुटतो, छाती भरते, पाळी सुरू होते. शरीर रांगेत उभे राहत नाही.

रांगेचे अर्थशास्त्र

दुर्मीळ वस्तू वाटण्याचे मुख्य मार्ग दोन: किंमत आणि रांग. किंमत लावली की पैसेवाल्याला वस्तू मिळते. रांग लावली की जो आधी आला त्याला मिळते. रेशनच्या दुकानापासून सरकारी रुग्णालयापर्यंत समाजवाद्यांनी किमतीपेक्षा रांगेला न्याय्य मानले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु रांग न्याय्य ठरायला दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली, रांग पुढे सरकली पाहिजे. दुसरी, रांगेत उभ्या असलेल्याला तोवर उपाशी ठेवता कामा नये. इंग्लंडमध्ये या दोन्ही अटी मोडल्या. विशेष सेवेकडे नाव गेले की स्थानिक डॉक्टर, शाळा आणि मुलांच्या मानसिक आरोग्याच्या सेवा यांना आपले काम संपले असे वाटू लागले. मुलाचे नैराश्य, त्याचे न जेवणे, घरातले कलह हे सारे ‘लिंगभावाचा प्रश्न’ या एका शिक्क्याखाली झाकले गेले. मूल ज्या दुखण्यांसाठी एरवी घराजवळच उपचार घेऊ शकले असते, त्यांच्यासाठीही ते लंडनच्या रांगेत उभे राहिले. फॅमिली डॉक्टराची चिठ्ठी हे सेवेत शिरण्याचे साधन होते, ते जबाबदारीतून बाहेर पडण्याचे साधन बनले.

यात सारा दोष त्या डॉक्टरांना देणे अन्यायाचे होईल. दहा मिनिटांत एक रुग्ण तपासायचा, या विषयाचे शिक्षण मिळालेले नाही, हाताशी सर्वमान्य मार्गदर्शिका नाही आणि बाहेर वर्तमानपत्रांत युद्ध चाललेले. चुकीचा एक शब्द निघाला तर एका बाजूने निर्दयतेचा आरोप आणि दुसऱ्या बाजूने मुलांचे वाटोळे केल्याचा आरोप. अशा स्थितीत सामान्य माणूस जे करतो तेच त्यांनी केले. त्यांनी प्रश्न दुसऱ्याच्या टेबलावर सरकवला.

जेथे सार्वजनिक सेवा मागे हटते तेथे बाजार पुढे सरकतो, हा अर्थशास्त्राचा जुना अनुभव. येथेही तेच झाले. ज्यांच्या पालकांकडे पैसा होता, त्यांना खासगी सल्लागार मिळाले. काहींनी तर देशाबाहेरून दूरसंपर्काने सल्ला आणि औषधाची चिठ्ठी दिली. मग तीच चिठ्ठी घेऊन कुटुंब पुन्हा फॅमिली डॉक्टरकडे आले आणि हीच औषधे आता सार्वजनिक सेवेतून द्या, रक्ततपासण्या करा, असे म्हणू लागले. ज्या उपचाराचा निर्णय आपण घेतला नाही त्याची जबाबदारी डॉक्टरने कशी घ्यावी? नकार द्यावा तर मुलाला अर्ध्यावर सोडल्यासारखे होते. म्हणजे निर्णय बाजाराचा आणि जोखीम सार्वजनिक सेवेची. नफा खासगी आणि तोटा सार्वजनिक हे सूत्र कारखानदारीत ठाऊक होते. येथे ते मुलांच्या शरीरावर लागू झाले.

पुराव्याचा हिशेब

आता मार्गदर्शक तत्त्वांच्या गाभ्याकडे यायला हवे. या मुलांच्या बाबतीत दोन प्रकारच्या औषधांचा वाद आहे. एक, वयात येण्याची प्रक्रिया काही काळ रोखून धरणारी औषधे. सोयीसाठी त्यांना यौवनरोधक म्हणता येईल. दोन, इच्छित लिंगाची शारीरिक लक्षणे निर्माण करणारी संप्रेरके. यौवनरोधकांचा हा वापर नेदरलँड्समधील डॉक्टरांनी रूढ केला. काळजीपूर्वक निवडलेल्या थोड्या मुलांवर त्यांनी ही पद्धत वापरली आणि आशादायक निष्कर्ष मांडले. इंग्लंडमध्ये २०११ पासून ४४ मुलांवर असा अभ्यास सुरू झाला. परंतु त्याचे संपूर्ण निष्कर्ष २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झाले आणि तोवर, २०१४ पासूनच, ही औषधे अभ्यासाबाहेर नित्याच्या उपचारात आली होती. शिवाय त्या निष्कर्षांत मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात ठळक सुधारणा आढळली नाही आणि ४४ पैकी ४३ मुले पुढे संप्रेरकांकडे गेली. ही औषधे म्हणजे विचार करायला मिळालेला निवांत वेळ, या समजुतीबद्दल त्यामुळे प्रश्न उपस्थित झाला. पीक उभे राहण्याआधीच त्याची विक्री झाली होती, असे म्हणता येईल.

सप्टेंबर २०२० मध्ये या सेवेच्या स्वतंत्र पुनरावलोकनाचे काम ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञ डॉ. हिलरी कॅस यांच्याकडे सोपवले गेले. १० एप्रिल २०२४ रोजी त्यांचा अंतिम अहवाल ३२ शिफारशींसह प्रसिद्ध झाला. त्यासाठी यॉर्क विद्यापीठाने उपलब्ध संशोधनाची पद्धतशीर छाननी केली. यौवनरोधकांवरील ५० आणि संप्रेरकांवरील ५३ अभ्यास तपासले, तेव्हा उच्च दर्जाचा अभ्यास प्रत्येक गटात एकेकच निघाला. मध्यम दर्जाचे अभ्यासही विचारात घेतले होते. बाकीचे सारे केराच्या टोपलीत टाकले, हा प्रचार खोटा आहे. तरीही निष्कर्ष असा निघाला की लाभ आणि हानी या दोहोंविषयीचा पुरावा दुबळा आहे.

मार्गदर्शक तत्त्वांची छाननी अधिक उद्बोधक आहे. निरनिराळ्या देशांतील आणि संस्थांच्या २३ मार्गदर्शिका तपासल्या गेल्या. त्या कशा तयार झाल्या, पुरावा किती स्वतंत्रपणे तपासला, याचे गुण देण्यात आले. तेव्हा फिनलंडची २०२० ची आणि स्वीडनची २०२२ ची अशा दोनच कसोटीला उतरल्या. इतर अनेक मार्गदर्शिका जुन्या दोन आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकांच्या आधारे उभ्या होत्या आणि त्या दोन परस्परांचा आधार घेत होत्या. गावात दोन सावकारांनी एकमेकांच्या पतीची हमी द्यावी आणि सगळ्या गावाने ती पत खरी मानावी, त्यातला हा प्रकार. यात कोणाचा कट होता असे मानण्याचे कारण नाही. दुःखी मूल समोर असताना डॉक्टरला काहीतरी करावेसे वाटते आणि छापील तत्त्वाचा आधार मिळाला की तो सुखावतो. परंतु छापील असणे आणि तपासलेले असणे यांत अंतर आहे.

याहून गंभीर बाब पुढे आहे. या सेवेतून गेलेल्या सुमारे नऊ हजार व्यक्तींचे पुढे काय झाले, हे नोंदी जोडून पाहण्याचा यॉर्कच्या संशोधकांचा प्रयत्न होता. प्रौढांच्या सात चिकित्सालयांपैकी सहांनी त्या वेळी सहकार्य नाकारले आणि तो अभ्यास अहवालापूर्वी पुरा होऊ शकला नाही. सबंध देशाला एकच आरोग्य सेवा असण्याचा मोठा लाभ म्हणजे प्रत्येकाची नोंद एका ठिकाणी राहते. अमेरिकेसारख्या विमा कंपन्यांच्या राज्यात हे कठीण. ब्रिटनमध्ये ते सहज शक्य होते. सार्वजनिक सेवेने आपला हिशेब ठेवला नाही, तर ती आपले सर्वांत मोठे सामर्थ्य स्वतःच वाया घालवते. ज्यांना उपचार लाभला त्यांचा अनुभव आणि ज्यांना पुढे पश्चात्ताप झाला त्यांचा अनुभव, दोन्ही या न ठेवलेल्या हिशेबात हरवले.

अहवाल काय म्हणतो आणि काय म्हणत नाही

कॅस अहवालाचा उपयोग करणाऱ्यांनी तो वाचलेला असतोच असे नाही. पारलिंगी असणे हे थोतांड आहे, असे अहवाल म्हणत नाही. काही तरुणांसाठी वैद्यकीय मार्ग योग्य ठरू शकतो, हे तो मान्य करतो. सोळा वर्षांनंतर संप्रेरके देण्याची वाट त्याने बंद केली नाही. अत्यंत सावधगिरी बाळगावी आणि अठरा वर्षांपर्यंत न थांबता आताच का द्यायची याचे स्पष्ट वैद्यकीय कारण असावे, असे सांगितले. यौवनरोधकांचा अभ्यास संशोधनाच्या चौकटीत व्हावा, असे म्हटले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या मुलांना इतर मुलांइतकीच काळजी मिळाली पाहिजे, त्यांची तपासणी सर्वांगीण झाली पाहिजे, सेवा एका केंद्रात न कोंडता प्रादेशिक केंद्रांत पसरली पाहिजे आणि सतरा ते पंचवीस या वयातील तरुणांना मधल्या दरीत पडू देता कामा नये, हे त्यात सांगितले आहे.

अहवालावर टीकाही झाली. पुरावा मोजण्याची पट्टी इतर बालरोगांपेक्षा येथे कडक लावली, पारलिंगी लोकांचा स्वतःचा अनुभव दुय्यम मानला, असे आक्षेप आले. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या कार्यकारी परिषदेने जुलै २०२४ मध्ये शिफारशींची अंमलबजावणी थांबवण्याची मागणी केली आणि त्याच वर्षी पुढे अहवालाबाबत तटस्थ राहून स्वतंत्र मूल्यमापन करण्याची भूमिका घेतली. जर्मन भाषक देशांतील वैद्यकीय संस्थांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्गदर्शिका काळजीपूर्वक निवडलेल्या मुलांना औषधोपचाराची वाट मोकळी ठेवते. अर्थात शास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. त्यांचा निकाल सभेत हात वर करून लावायचा नसतो.

मात्र राजकारण्यांना एवढा धीर नव्हता. मार्च २०२४ मध्ये यौवनरोधके या कारणासाठी नित्याच्या सार्वजनिक उपचारातून काढली गेली. मे महिन्यात खासगी चिठ्ठ्यांवर हुजूर पक्षाच्या सरकारने तातडीची बंदी घातली आणि डिसेंबर २०२४ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने ती अनिश्चित मुदतीची केली. २०२७ मध्ये फेरविचार करण्याचे ठरले. टॅव्हिस्टॉकची सेवा मार्च २०२४ अखेर बंद झाली आणि लंडन व वायव्य इंग्लंड येथे नवी केंद्रे सुरू झाली. त्याच वर्षी ब्रिस्टलमध्ये तिसरे उघडले. एक मोठे पण कमी चर्चिलेले स्थित्यंतर २०२४ पासून झाले. फॅमिली डॉक्टरने मुलाला थेट या केंद्राकडे पाठवण्याची सोय संपली. आधी बालरोगतज्ज्ञ किंवा मुलांच्या मानसिक आरोग्याची सेवा, आणि त्यांच्यामार्फत विशेष केंद्र, असा मार्ग ठरला.

या बदलामागचा हेतू चांगला आहे. मुलाची आधी सर्वांगीण तपासणी व्हावी, हा तो हेतू. परंतु मुलांच्या मानसिक आरोग्याच्या सेवेपुढेही लांब रांग आहे. तेथे माणसे आणि पैसा न वाढवता हा मार्ग आखला, तर एका रांगेच्या आधी दुसरी रांग उभी राहते. नियम शहाणा आणि तिजोरी बंद, असे झाले की शहाण्या नियमाचाही छळ होतो. काटकसरीच्या धोरणाने दशकभर ज्या स्थानिक सेवा झिजवल्या, त्यांच्याच खांद्यावर हे ओझे आले आहे, हे समाजवाद्याने विसरू नये.

घराजवळच्या डॉक्टरने काय करावे

मग प्राथमिक सेवेसाठीच्या चांगल्या मार्गदर्शिकेत काय असावे? या अनुभवातून काही गोष्टी निःसंशय निघतात आणि त्यांतील एकीलाही महाग औषध लागत नाही.

पहिली, ऐकणे. मूल जे नाव सांगते, जी अस्वस्थता सांगते ती डॉक्टरने हेटाळणीशिवाय ऐकावी आणि घाईने शिक्काही मारू नये. आदर देणे म्हणजे निदान मान्य करणे नव्हे, आणि निदानाला वेळ लागणे म्हणजे अनादर नव्हे. दुसरी, सबंध मूल पाहणे. झोप, जेवण, शाळेतील छळ, घरातील मारहाण, नैराश्य, स्वतःला इजा करण्याचे विचार यांची चौकशी आणि त्यांवर लगेच उपचार. विशेष केंद्राची भेट होईपर्यंत थांबणे नाही. तिसरी, जोखमीच्या औषधांचा निर्णय एकट्याने न घेणे, तो अनेक तज्ज्ञांच्या गटावर सोपवणे. पण मुलाला त्या गटाकडे पाठवून विसरून न जाणे. चौथी, मुलाला आणि पालकांना जे ठाऊक आहे ते आणि जे ठाऊक नाही ते, दोन्ही सरळ शब्दांत सांगणे. प्रजननक्षमतेवर व हाडांच्या घनतेवर होऊ शकणारे परिणाम दडवणे ही सहानुभूती नव्हे. पाचवी, नोंद ठेवणे. आणि सहावी, मन बदलणाऱ्यासाठीही दरवाजा उघडा ठेवणे. पुढे जाणारा जितका आपला, तितकाच परत फिरणाराही.

मुलाची संमती हा यातला कठीण प्रश्न. ब्रिटनमध्ये १९८५ च्या गिलिक खटल्यापासून असे मानले जाते की सोळा वर्षांखालील मूलही, त्याची समज पुरेशी असेल तर, उपचाराला संमती देऊ शकते. यौवनरोधकांच्या बाबतीत उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये याला कडक मर्यादा घातल्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवून ही पारख डॉक्टरांची आहे, न्यायालयाची नव्हे, असे म्हटले. हा दंडक योग्यच आहे. पण ज्या डॉक्टरकडे वेळ नाही आणि पुरावा नाही, त्याच्या पारखीला अर्थ किती, हा प्रश्न पुन्हा व्यवस्थेपाशीच येऊन थांबतो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. या वादात दोन्ही बाजूंनी मुलांच्या मृत्यूची भीती हत्यारासारखी वापरली. बंधनांमुळे आत्महत्यांचा पूर आला, असा दावा समाजमाध्यमांवर झाला तेव्हा आत्महत्या प्रतिबंधाचे तज्ज्ञ प्रा. लुई ॲपलबी यांनी जुलै २०२४ मध्ये आकडे तपासून तो दावा टिकत नाही असे सांगितले आणि अशी भाषाच या मुलांना धोकादायक आहे, असे बजावले. मुलांना ‘उपचार नाही तर मरण’ असे शिकवणे क्रौर्य आहे. तुमचे दुःख खोटे आहे असे शिकवणे हेही तितकेच क्रौर्य आहे.

आपल्याकडे

हा सारा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की भारत या वाटेवर आरंभीच्या टप्प्यात आहे आणि दुसऱ्याच्या ठेचेने शहाणे होण्याची संधी त्याला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी पारलिंगी व्यक्तींचे मूलभूत हक्क मान्य केले. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली होती आणि त्यांत सहा वर्षांपर्यंतची ५४,८५४ बालके होती. २०१९ च्या कायद्यात आरोग्यासाठी स्वतंत्र कलम घालण्यात आले. समुपदेशन, संप्रेरकोपचार व शस्त्रक्रिया यांची सोय, एका आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तत्त्वांनुसार शस्त्रक्रियेची आरोग्यपुस्तिका, वैद्यकीय अभ्यासक्रमाचा फेरविचार आणि विमा, असे त्याचे स्वरूप होते. हेतू स्तुत्य होता. परंतु त्यातला एक दोष इंग्लंडच्या अनुभवानंतर डोळ्यांत भरतो. त्या कलमाची नजर शस्त्रक्रियेच्या टेबलाकडे होती. तेरा वर्षांचे मूल तालुक्याच्या गावी पहिल्यांदा ज्या डॉक्टरसमोर उभे राहते, त्याच्याकडे ती पुरेशी वळली नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये, अशा व्यक्तीला ‘बदलवून’ टाकण्याचे तथाकथित उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे जाहीर केले. काय करू नये हे त्याने सांगितले. काय करावे, हे प्राथमिक केंद्रातील डॉक्टरला शिकवण्याचे काम त्यापुढचे आहे.

त्यासाठी नवी इमारत बांधावी लागत नाही. दहा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे आणि महाराष्ट्रातील सरकारी दवाखान्यांत त्याअंतर्गत ‘मैत्री क्लिनिक’ चालतात. वयात येण्याविषयी मुलांनी नि:संकोच बोलावे, हाच त्यांचा हेतू. समुपदेशकाची जागा भरलेली असेल, त्याला या विषयाचे प्रशिक्षण असेल आणि खोलीचे दार लावता येत असेल, तर ऐकण्याचे पहिले काम तेथेच होऊ शकते. पण त्यासाठी पैसा हवा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार रुग्णाच्या खिशावर होता. अशा व्यवस्थेत मार्गदर्शक तत्त्वे छापली, तरी ती श्रीमंतांच्या खासगी दवाखान्याची शोभा होतील आणि गरीब मूल भोंदूबाबाकडे किंवा औषधाच्या दुकानातल्या विनाचिठ्ठीच्या गोळीकडे जाईल.

कोणी म्हणेल, भुकेचे प्रश्न सुटेपर्यंत हे थांबू शकत नाही काय? असाच प्रश्न एके काळी दलितांच्या पाणवठ्याबद्दल आणि स्त्रियांच्या संमतिवयाबद्दल विचारला गेला होता. दुसरा कोणी म्हणेल, मुलाने म्हटले की उपचार दिलाच पाहिजे, शंका घेणारा तो प्रतिगामी. त्यालाही नम्रपणे सांगावे लागेल की पुरावा मागणे हे प्रतिगामित्व नव्हे. गरिबाच्या मुलावर न तपासलेले औषध वापरू नका, अशी मागणी समाजवादी चळवळीने नेहमीच केली आहे. ती येथेच सोडून देण्याचे कारण नाही. पुराव्याची कसोटी लावायची, आणि पुरावा अपुरा म्हणून मुलाला रस्त्यावर सोडायचे नाही, ही दुहेरी जबाबदारी आहे. ती बाजार पेलू शकत नाही, कारण त्याला हिशेब फक्त विक्रीचा ठाऊक. नुसती बंदी घालणारे सरकारही ती पेलू शकत नाही, कारण बंदीला डॉक्टर, समुपदेशक आणि वेळ यांपैकी काहीच लागत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यात एवढे तरी करावे. मैत्री क्लिनिक उघडे असते काय, समुपदेशकाची जागा भरली आहे काय, हे जाऊन पाहावे. नसेल तर जिल्हा परिषदेत प्रश्न विचारावा. आणि एखादे घाबरलेले मूल किंवा त्याची आई कार्यालयात आली, तर व्याख्यान न देता तिला बसायला खुर्ची द्यावी आणि तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. आरोग्यसेवेचा पहिला दरवाजा उघडेपर्यंत तिला टेकायला दुसरी जागा नसते.